पेरनीले या

पेरूतल्या ओयांतायतांबोच्या एका घरात आढ्याला मक्याची कणसं टांगलेली दिसली आणि माझे पाय तिथंच थबकले. माझी मुलगी पुढं निघून गेली होती. पाचशे वर्षांपूर्वी इंकांनी आखलेल्या त्या गल्ल्यांत अजून माणसं नांदतात, दगडी पाटांतून अजून पाणी खळाळतं. माझं लक्ष मात्र कणसांवर. सालपटं मागं ओढून, दोन-दोनची गाठ मारून तुळईवर टाकलेली. अशीच कणसं त्याच्या ३४ वर्षं आधी सातपुड्यातल्या अक्राणीच्या डोंगरात अंथरुणावर पडल्या पडल्या मी मोजली होती.

मी जळगावकडचा. केळीच्या बागा आणि सपाट काळी जमीन एवढंच पाहिलेलं. १९८५ साली धडगावच्या वरच्या अंगाला एका पाड्यावर शाळामास्तर म्हणून गेलो. नंदुरबार जिल्हा तेव्हा वेगळा झालेला नव्हता, तो १ जुलै १९९८ ला झाला. तो सगळा डोंगराळ भाग धुळे जिल्ह्यातच. पावरा आदिवासींची घरं एकमेकांना लागून नसतात, ज्याच्या त्याच्या शेतात एकेक, दूर दूर. बांबूच्या कुडाला शेणमातीचा लेप. त्यातल्याच एका घरात मला राहायला जागा मिळाली, आणि श्रावणात हिवतापानं मला आडवं केलं.

घरातल्या म्हाताऱ्या आजीनं नऊ दिवस मला सांभाळलं. मक्याच्या कण्या ताकात शिजवून ती वाटीवाटीनं पाजायची. त्या वर्षीची कणसं अजून शेतात हिरवी होती. घरात होती ती गेल्या वर्षीची, आणि तीही सरत आलेली. मी रोज मोजायचो म्हणून मला कळायचं. आढ्यावरची जोडी कमी व्हायची ती माझ्यासाठी. ताप उतरेना तेव्हा चार जणांनी बांबूला घोंगडी बांधून झोळी केली आणि भर पावसात, दोन ओढे ओलांडून, मला धडगावला दवाखान्यात पोहोचवलं. वाटेत एकानंही मला खाली ठेवून दम घेतला नाही, खांदा मात्र बदलत राहिले.

बरा होऊन परतलो तेव्हा पगारातले दीडशे रुपये घरच्या बाबांपुढं धरले. त्यांनी माझी मूठ माझ्याच हातानं मिटवली. म्हणाले, “पैसा नका. पेरनीले या, गुरजी.”

मी हो म्हणालो. मे महिन्यात बदलीचा हुकूम आला, मी धुळ्याला आलो. मग लग्न, घर, मुलीचं शिक्षण. पेरणी दर वर्षी यायची. मी गेलो नाही.

पेरूत आम्हाला वाट दाखवणारा तरुण केचुआ बोलणारा होता. त्यानं एक शब्द सांगितला, आयनी. आज मी तुझ्या रानात राबतो, उद्या तू माझ्या. आपल्याकडं ज्याला सावड म्हणतात, तेच. इंकांच्या राज्यात नाणं नव्हतंच, करसुद्धा अंगमेहनतीनं फेडायचा. डोंगराच्या अंगावरच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांना हजारो हात असेच लागले. पुढं मक्याची चिचा ही दारू समोर आली तेव्हा त्यानं पिण्याआधी चार थेंब जमिनीवर सांडले, पाचामामासाठी, धरणीमातेसाठी. आमच्या पाड्यावर मोहाच्या दारूची पहिली धार अशीच मातीला जायची. मका मुळात त्यांच्याच बाजूचा, अमेरिकेतला, तो सातपुड्यात येऊन पावऱ्यांची भाकरी झाला. पण मातीला आधी द्यायचं हे ना त्यांना आम्ही शिकवलं, ना आम्हाला त्यांनी.

माचू पिक्चूला सगळे देवळं पाहत होते. मी उतारावरच्या शेतांकडं पाहत राहिलो. २४ जुलै १९११ रोजी हायरम बिंगहॅम हा अमेरिकन प्राध्यापक इथं पोहोचला आणि जगानं त्याचं नाव लक्षात ठेवलं. पण त्याला खालून वाट दाखवली ती मेल्चोर आर्तेआगा या शेतकऱ्यानं. वर त्या पायऱ्यांवर शेतकरी कुटुंबं पिकं घेतच होती. त्यांनी या दमलेल्या परक्याला भोपळ्याच्या तुंब्यातून गार पाणी दिलं, उकडलेली रताळी दिली, आणि एक लहान मुलगा त्याला अवशेष दाखवायला पुढं झाला. ‘शोध लागला’ असं पाठ्यपुस्तकातून मी कितीदा शिकवलं असेल. त्या रताळ्यांबद्दल एकदाही बोललो नाही, याचं मला तिथं फार वाईट वाटलं.

येताना तिथल्या जांभळ्या मक्याचे दाणे आणावेत असं मनात होतं. पण असं बियाणं परवानगीशिवाय देशात आणता येत नाही. रिकाम्या हातानं आलो, आणि पहिला पाऊस पडल्यावर शहाद्याहून धडगावची गाडी धरली.

आजी नव्हती. बाबाही नव्हते. त्यांचा मुलगा, झोळी उचलणाऱ्या चौघांतला एक, आता स्वतःच म्हातारा झालेला. त्यानं बराच वेळ माझ्याकडं निरखून पाहिलं, मग घरात हाक मारली. मी सगळं सांगितलं, उशीर झाला हेही सांगितलं. त्यावर तो काही बोलला नाही. औत जुंपलेलंच होतं. त्याच्या सुनेनं कमरेच्या ओट्यातले मक्याचे दाणे माझ्या ओंजळीत ओतले आणि तासाकडं बोट केलं. मी वाकून चालू लागलो. मागून तिचा आवाज आला, “दाट पडतंय, गुरजी. एका पावलावर एक टाका.”