मधली दोन पाने

आयुष्यभर ज्याने छापखान्याची शाई हाताला लावून घेतली, त्याने पंचाहत्तरीत हात धुऊन स्वस्थ बसावे, अशी जगाची रीत आहे. मीही तसाच बसलो होतो. पुण्याच्या एका छापखान्यात मांडणीकार म्हणून पस्तीस वर्षे काढली. खिळे गेले, ब्लॉक गेले, ऑफसेट आले, संगणक आला, आणि एक दिवस मी घरी आलो. दिवाळी अंक हातात पडला, की मजकुराआधी समास किती सोडला आहे ते पाहायचे, एवढी एक खोड तेवढी मागे राहिली. पण गेल्या मे महिन्यात लेकीकडे इंग्लंडात, रेडिंगला गेलो, आणि पंधरा वर्षांच्या नातीने मला पुन्हा कामावर ठेवून घेतले. पगार नाही, रजा नाही, आणि मालक भलताच कडक!

नातीला शाळेत 'माध्यमे' नावाचा एक विषय आहे. आमच्या वेळी माध्यम म्हणजे मराठी की इंग्रजी, एवढाच प्रश्न असे. इथे त्यात प्रकल्प असतात. हिला आलेला प्रकल्प असा, की तेरा ते सतरा वर्षांच्या वाचकांसाठी पॉप संगीताचे एक नवे मासिक बेतायचे. मुखपृष्ठ, अनुक्रमणिका आणि मधली दोन पाने करून दाखवायची. फोटो मात्र स्वतः काढलेले हवेत, कुठून उचललेले चालायचे नाहीत.

"आजोबा, तुम्ही मासिकं करायचात ना?" तिने विचारले. तिचे मराठी आईच्या हट्टाने टिकलेले आहे.

"करायचो."

"पॉपची?"

"पॉपची नाही. पण पंचांगं पुष्कळ केली."

ती क्षणभर विचारात पडली. मग मोठ्या मनाने म्हणाली, "चालेल."

पहिल्याच दिवशी मी चकित झालो. मासिक करायच्या आधी तिला वाचक तयार करावा लागला. आमच्या संपादकांना वाचक म्हणजे 'रसिक वाचक', वय वर्षे सात ते सत्तर, एवढेच ठाऊक. हिने मात्र एका मुलीची सबंध कुंडलीच मांडली होती. वय पंधरा, धाकट्या बहिणीबरोबर एका खोलीत राहते, बसने शाळेत जाते, खाऊचे पैसे अमुक, आवडता रंग तमुक. मी सगळे वाचले आणि विचारले, "ही मुलगी मासिक ठेवते कुठं?"

"म्हणजे?"

"वाचून झाल्यावर. उशीखाली, दप्तरात, भिंतीवर की कुणाला दिसू नये अशा जागी?"

याचे उत्तर तिच्यापाशी नव्हते. माझ्यापाशी होते.

मी तेरा-चौदा वर्षांचा असताना बुधवारी रात्री आठला शेजाऱ्यांच्या खिडकीखाली उभा राहत असे. आत रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' लागलेली असे. १९५२ साली सुरू झालेल्या त्या कार्यक्रमाने आमच्या पिढीचे बुधवार आपल्या नावावर करून घेतले होते. अमीन सायानींचा आवाज ऐकायचा, पायऱ्या मोजायच्या, आणि गाण्याचे निसटलेले शब्द जुळवायचे. ते शब्द नीट मिळत सिनेमाच्या थिएटराबाहेर विकायला असलेल्या पातळ पुस्तकांत. कागद रद्दी, छपाई त्याहून रद्दी, पण आत गाणी सबंध. माझ्याकडे अशी एकवीस पुस्तके होती, आणि ती 'धातुरूपावली'च्या मागे उभी असत. एका नरकचतुर्दशीला पहाटे उठलो, तो बंब नेहमीपेक्षा लवकर पेटलेला! वडिलांना जळण सापडले होते. ते रागावले नाहीत, बोललेही नाहीत. त्या दिवशीचे अभ्यंगस्नान मी एकवीस पुस्तकांच्या ऊन पाण्याने केले.

हे मी नातीला सांगितले, तेव्हा ती हसली नाही. तिने त्या मुलीच्या कुंडलीत एक ओळ वाढवली: "मासिक गादीखाली ठेवते." मग स्वतःच म्हणाली, "तर मग ते फार मोठं नको. आणि जाड नको."

मला वाटले, पोरीला धंदा कळला.

पुढचे चार दिवस आम्ही जुनी मासिके धुंडाळली. तिच्या देशात १९७८ साली निक लोगन या संपादकाने 'स्मॅश हिट्स' काढले. त्याचे भांडवल काय, तर गाण्यांचे सबंध शब्द आणि मोठाले रंगीत फोटो. म्हणजे माझी एकवीस पुस्तकेच की, फक्त चांगल्या कागदावर! नील टेनंट हा तिथे सहायक संपादक होता. पुढे 'पेट शॉप बॉइज' या जोडीतला गायक होऊन तो स्वतःच अशा मासिकांच्या पानांवर झळकला. जर्मनीतल्या 'ब्राव्हो'ने १९५९ साली त्याहून नामी युक्ती काढली. ब्रिजिट बार्दोचे पुरुषभर उंचीचे चित्र, पण ते तुकड्यातुकड्याने, अंकामागून अंकात. एक अंक चुकला, तर तिचा एखादा अवयव कायमचा गहाळ! १९९६ साली 'स्पाइस गर्ल्स'मधल्या पाच मुलींना जी टोपणनावे मिळाली, तीही 'टॉप ऑफ द पॉप्स' या मासिकाच्या पानांत. बारसे मासिकाने केले आणि जगाने ती नावे चालवली. कलकत्त्याला डेस्मंड डॉइग यांच्या संपादनाखाली १९६७ ते १९७७ 'ज्युनियर स्टेट्समन' निघत असे. मित्राच्या घरी मी तो पाहिला आणि मांडणी हाही पोटाचा धंदा होऊ शकतो, हे मला पहिल्यांदा उमगले. 'स्मॅश हिट्स' २००६ साली बंद पडले. गाण्यांचे शब्द आणि फोटो फुकट मिळू लागल्यावर ते विकत कोण घेणार?

"मग आपण हे कशाला करतोय?" नातीने विचारले.

"फोन भिंतीवर लावता येत नाही म्हणून," मी म्हटले. उत्तर सुचले तेव्हा मला ते फारसे खोल वाटले नव्हते.

मग खरे काम सुरू झाले. दुकानातल्या फळीवर मासिके एकावर एक कललेली असतात, तेव्हा दिसते ती वरची पट्टी आणि डावी कड, म्हणून नाव तिथेच हवे, हे तिला शाळेत शिकवलेले होते. मी तिला शाळेत नसलेले शिकवले. चार कागद मध्ये दुमडले की सोळा पाने होतात. सगळ्यांत आतला कागद उघडला की आठवे आणि नववे पान समोरासमोर येते, आणि सबंध अंकात तेवढे एकच सलग चित्र मिळते. चेहरा बरोबर मध्यावर ठेवला तर घडी नाकावरून जाते आणि पिना गालात घुसतात, म्हणून तो जरा बाजूला घ्यावा. आणि मुख्य म्हणजे त्या कागदाच्या पाठीवर सातवे आणि दहावे पान असते. चित्र भिंतीवर गेले, की ती दोन पाने भिंतीने वाचायची! तिथे गाण्याचे शब्द छापाल, तर वाचकाला चित्र किंवा गाणे यांतले एक सोडावे लागेल.

"जाहिराती टाकू तिथं," ती म्हणाली.

आमच्या व्यवस्थापकांनी तिला जागच्या जागी नोकरी दिली असती.

अडचण आली ती चेहऱ्याची. तिची एक मैत्रीण आहे. गिटार वाजवते, गाते, आणि चारचौघांत तोंड उघडत नाही, कारण दातांना तारा लावलेल्या. तिला कसेबसे तयार करून नातीने घरामागच्या कुंपणापाशी फोटो काढले. मग रात्री संगणकावर बसून तिने मैत्रिणीच्या गालावरच्या पुटकुळ्या पुसल्या, रंग उजळला, तारा काढून टाकल्या, हनुवटी जराशी कोरली. मी मागे उभा राहून कौतुकाने पाहत होतो. का नाही पाहणार? मी तरी काय केले होते? बारीक कुंचल्याने फोटोंवर पांढरा रंग भरून किती माणसांना मी गोरे केले असेल! दीनानाथ दलालांच्या आणि मुळगावकरांच्या मुखपृष्ठांवरच्या सुंदर स्त्रिया पाहत आम्ही लहानाचे मोठे झालो. पण ती चित्रे होती, आणि ती चित्रे आहेत हे सगळ्यांना ठाऊक होते. मी हात लावत होतो तो फोटोंना.

दुसऱ्या दिवशी मैत्रीण घरी आली. नातीने मोठ्या दिमाखाने पडदा तिच्यापुढे केला. मुलगी बराच वेळ पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "छान आहे. कोण आहे ही?"

तिने ते टोचून म्हटले असते, तर बरे झाले असते. तिने ते सरळ विचारले होते. नातीचा चेहरा उतरला. मीही खिडकीबाहेर पाहू लागलो, कारण तो कुंचला अर्धा माझा होता.

त्या रात्री नातीने मूळ फोटो पुन्हा काढला. कुंडलीतल्या त्या मुलीकडे बोट दाखवून ती मला म्हणाली, "आजोबा, तिच्याही दातांना तारा असतील तर?" माझ्या पस्तीस वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता, आणि मीही कुणाला विचारला नव्हता. वाचकाने आपल्याकडे पाहावे म्हणून आम्ही जिवाचे रान केले. आपल्याकडे पाहून झाल्यावर तो आरशात पाहणार आहे, हे काही आमच्या ध्यानात आले नाही.

मधल्या दोन पानांवर ती मुलगी आली, ती गिटारसकट, तारांसकट, हसताना. त्या हसण्यासाठी नातीला तिचे पुन्हा साठ फोटो काढावे लागले.

अंक घरच्याच यंत्रावर छापला, लांब पंजाच्या स्टेपलरने दोन पिना मारल्या, आणि टेबलावर ठेवला. संध्याकाळी लेक कामावरून आली. उभ्याउभ्याच तिने अंक चाळला आणि मध्यावर थांबली. मग सुरी घेतली, टोकाने दोन्ही पिना अलगद उघडल्या, मधला कागद उचलला, आणि पिना पुन्हा वाकवून अंक होता तसा मिटला. कागदाला चरासुद्धा गेला नाही.

"हे कुठं शिकलीस?" मी विचारले.

"तुमच्याचकडे, बाबा. मायकेल जॅक्सन मी असाच काढला होता. तुम्ही नमुन्याला आणलेल्या मासिकातून. तुम्हाला पत्तासुद्धा लागला नाही."

१९९६ च्या १ नोव्हेंबरला मायकेल जॅक्सन मुंबईत, अंधेरीला गायला होता. लेक सोळा वर्षांची होती. तिने जाऊ का विचारले आणि मी वर पाहिले नाही, एवढ्यात तो प्रश्न मिटला. आठवड्यावर दिवाळी आली होती, घराला डिस्टेंपर द्यायचा होता. तिच्या पलंगाच्या वर चार चिकटपट्ट्यांनी लावलेला तो कागद मी एका हिसक्यात ओढला. अर्धा हातात आला, अर्धा भिंतीवर राहिला. ती दारात उभी होती. मी तिला म्हणालो, की भिंत खराब होते. वडिलांसारखा बंब तर पेटवला नाही, असे समाधान मी पुढे पुष्कळ वर्षे मानून घेत आलो.

"तेव्हाच विचारायचं होतं मी," मी लेकीला म्हटले, "की कुठं ठेवू म्हणून."

ती काही बोलली नाही. तिने कागद नातीच्या हातात दिला आणि चहा टाकायला गेली. दोन कप टाकते की तीन, ते मी कान देऊन ऐकत होतो. तीन टाकले.

निघताना नातीने त्या मधल्या पानांची एक प्रत माझ्या बॅगेत ठेवली. आता ती पुण्याला माझ्या खोलीत लागली आहे. परवा दिवाळीसाठी रंगारी आला. मी आधी स्टुलावर चढून चारही टाचण्या काढल्या आणि कागद पलंगावर पसरून ठेवला.

"काका, नात का?" त्याने विचारले.

"नातीची मैत्रीण."

"छान हसतेय," तो म्हणाला, आणि पत्र्याच्या डब्यात ब्रश बुडवला. दातांवरच्या तारांबद्दल तो काहीच बोलला नाही.