हिरवा शालू बाद

गोरेगावचा आहे म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "ईस्ट की वेस्ट?" पुण्याच्या ऑफिसात हे इतक्यांदा ऐकलंय की आता मी "फारच ईस्ट" असं सांगून मोकळा होतो. आमचं गोरेगाव मुंबईपासून हजारेक किलोमीटर पूर्वेला, गोंदिया जिल्ह्यात आहे. इथे लोकल नाही, धान आहे.

२०२० मध्ये लॅपटॉप घेऊन घरी आलो आणि त्यानंतर बराचसा इथेच राहिलो. आठवडाभर कोड लिहितो. रविवारी सकाळी आमच्या छपरीत आठवी ते दहावीची अकरा मुलं येतात, त्यांना लिहायला शिकवतो. मी काही लेखक नाही. शेजारच्या मुलाची निबंधाची वही तपासून दिली, दुसऱ्या रविवारी तो मित्राला घेऊन आला, तिथून हे वाढत गेलं. फी नाही, फळा नाही, नियम एकच आहे: हिरवा शालू बाद.

नियमाचं कारण 'माझा आवडता ऋतू' हा निबंध. अकरापैकी नऊ वह्यांत पावसाळा आवडता होता आणि नऊही वह्यांत धरतीने हिरवा शालू नेसला होता. मोर नाचत होते, बळीराजा सुखावला होता. हे लिहिणाऱ्या मुलांच्या पायांना तेव्हा बांधीतला चिखल लागलेला होता. घरी पोवारी, शाळेत मराठी, मोबाइलवर हिंदी बोलणारी ही मुलं निबंधात मात्र कुठल्या तरी गाईडमधला पाऊस पाडत होती.

मग मी प्रश्न बदलला. ऋतू कसा दिसतो ते सोडा, त्या ऋतूत तुमच्या घरी कोण किती वाजता उठतं आणि काय करतं, ते लिहा.

नववीतल्या एका मुलीचं पहिलंच वाक्य होतं, 'पावसाळ्यात आमच्या घरी भांडण होते.' पुढे कारण होतं. पऱ्हे एकवीस ते पंचवीस दिवसांचे झाले की रोवायला हवेत. जास्त दिवस राहिले तर फुटवे कमी येतात. पण त्याच दिवसांत आई दुसऱ्यांच्या बांधीत रोजाने जाते, कारण रोख पैसे तेव्हाच मिळतात. वडील म्हणतात, आधी आपलं रोव. आई म्हणते, आपलं रोवून संध्याकाळी भाजी कशाची आणू? रात्री आई पायांच्या बेचक्यांतल्या चिखल्यांना तेल लावते आणि दोघं बोलत नाहीत. निबंध सव्वा पानाचा होता. त्यात एकही विशेषण नव्हतं आणि तो वाचल्यावर छपरीत कोणी बोललं नाही.

आमच्या कामातही मुदती असतात. दोन आठवड्यांचा स्प्रिंट असतो, राहिलेलं काम पुढच्या स्प्रिंटमध्ये ढकलता येतं. पऱ्हे ढकलता येत नाहीत. जुलैत माझा वर्ग निम्मा रिकामा असतो तो त्यामुळेच. मी हजेरी घेत नाही. आलेल्यांना विचारतो, बाकीचे कुणाच्या बांधीत आहेत? तेवढ्यावर गावात कुठवर रोवणी झाली ते कळतं.

ऋतूंवर मराठीत उत्तम लिहिलं गेलंय. दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र' १९५६ मध्ये आलं. त्यातला एखादा महिना मी मुलांना वाचून दाखवतो, कारण निरीक्षण म्हणजे काय ते त्यातून कळतं. पण मुलांचे डोळे चमकतात ते मारुती चितमपल्लींचं नाव घेतल्यावर. वनाधिकारी म्हणून ते आपल्याच जिल्ह्यातल्या नवेगाव बांधला राहिले होते, हे सांगितलं की त्यांना लेखक हा प्राणी एकदम एसटीच्या अंतरावर आल्यासारखा वाटतो. जंगलातल्या माणसांकडून त्यांनी शब्द गोळा केले आणि नवेही घडवले. कावळ्यांची वीण वसाहत म्हणजे काकागार, बगळ्यांची सारंगागार. २०२५ च्या जूनमध्ये ते गेले. त्या रविवारी मुलांना गृहपाठ दिला: आजीकडून असे पाच शब्द आणा, जे पुस्तकात नाहीत. एकूण पन्नासच्या वर शब्द जमले. त्यांतले वीसेक फक्त धानाचे होते.

कापणीच्या दिवसांत लिहिण्याची खरी परीक्षा होते. कापलेलं धान बांधीत पसरून ठेवतात, त्याला आम्ही कडपा म्हणतो. कडपा वाळल्या की भारे बांधायचे, पुंजणे रचायचे, मग मळणी. यंदा कडपा पडलेल्या असतानाच पाऊस आला. त्या रविवारी निबंध बाजूला ठेवून आम्ही अर्ज लिहिले. 'आमचे खूप नुकसान झाले आहे, तरी दया करावी' असं एका मुलाने लिहिलं होतं. सगळ्यांनी मिळून ते खोडलं आणि लिहिलं: गट क्रमांक अमुक, क्षेत्र ०.८० हेक्टर, कडपा चार दिवस पाण्यात, दाण्यांना कोंब फुटले, पंचनामा व्हावा. त्याचे वडील सोबत आले होते. त्यांनी अर्ज दोनदा वाचून घेतला आणि म्हणाले, "हे बराबर हाय." पैसे मिळतील की नाही, ते वाक्यावर अवलंबून नसतं. पण बापाच्या तोंडची गोष्ट पोराने जशीच्या तशी कागदावर उतरवली, एवढं माझ्या हातात होतं.

दिवाळी झाली की मंडई. गावोगावी दुकानं लागतात, दिवसा दंडार, रात्री नाटक. झाडीपट्टीतलं नाटक रात्रभर चालतं. या रंगभूमीचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्याकडे घरचाच मुलगा पास झाल्यासारखा आनंद होता. मंडईला बहिणी, आत्या, मावश्या माहेरी येतात आणि माझी चौकशी सुरू होते. "पोरगा घरीच राह्यते का? नोकरी सुटली का त्याची?" अठ्ठाविसाव्या वर्षी दिवसभर घरात बसलेला मुलगा म्हणजे लग्नाच्या बाजारात पडलेला माल. आई प्रत्येकीला सांगते, "कंपनी पुण्याची हाय, पगार इथं येते." पगाराचा आकडा ती पाहुणी बघून कमी-जास्त करते.

मार्च-एप्रिलात मोहफुलं. पहाट फुटायच्या आत मुलं टोपल्या घेऊन गेलेली असतात, म्हणून वर्ग दुपारी. मे महिन्यात तेंदूपत्ता, सत्तर पानांचा एक पुडा. पुडे बांधून बांधून हात कडक होतात, पेन धरवत नाही म्हणतात. तेव्हा आम्ही लिहीत नाही, बोलतो आणि मोबाइलवर रेकॉर्ड करतो. पुढे पावसात ते ऐकून लिहून काढायचं.

यंदा नोव्हेंबरात कंपनीचा मेल आला. जानेवारीपासून आठवड्याचे पाचही दिवस ऑफिसात. घरात त्यावर तीन रात्री चर्चा झाली. बाबूजी म्हणाले, तीन एकर ठेक्याने देऊन टाकू, आता कंबर वाकत नाही. आई म्हणाली, धान विकत आणून खाणार का आपण? ती चिडली नव्हती, खरोखर विचारत होती.

चौथ्या दिवशी बाबूजींनी कपाटातून आपली वही काढली. हिशेबाची लांब वही, वर्षाला दोन-चार ओळी. ठेक्याचा भाव काढायला जुने आकडे हवे होते. मी वाचत होतो, ते कॅल्क्युलेटरवर बोट दाबत होते.

'२०१५. पऱ्हे २४ जून. रोवणी २० जुलै ते २५ जुलै. बाया ९. पोती ५८. नागपूर फी.'

'२०१६. पऱ्हे २७ जून. पाणी कमी. पोती ४१. नागपूर फी. सोसायटी बाकी.'

चार वर्षं 'नागपूर फी' प्रत्येक ओळीच्या शेवटी होतं. माझं इंजिनिअरिंग तेवढ्याच दोन शब्दांत बसवलेलं होतं. २०१९ ची ओळ वेगळी संपत होती: 'पोती ६१. घरी ठेवली २०.' त्या वर्षी मला नोकरी लागली आणि घरातलं धान घरात राहिलं. मी पुढे वाचलं नाही, तर बाबूजी म्हणाले, "थांबला काऊन? पुढचा आकडा सांग."

रविवारी मी मुलांना त्या वहीबद्दल सांगितलं. नववीच्या त्या मुलीने विचारलं, "मग ते पण निबंधच का, सर?" मी म्हटलं, आपल्या सगळ्यांपेक्षा बरा आहे.

शेवटी एक वर्ष थांबायचं ठरलं. दीड एकर ठेक्याने जाईल, दीड एकर घरी राहील. मी जानेवारीत पुण्याला जाईन. छपरीची किल्ली आईकडे, आणि दर रविवारी काय लिहायचं ते मुलं पाळीपाळीने ठरवतील. मी रात्री व्हिडिओ कॉलवर वाचेन. जुलैची दहा दिवसांची रजा मात्र आत्ताच टाकली. अर्जात कारण लिहिलं: रोवणी.

मॅनेजरने चॅटवर विचारलं, हा कुठला सण?

मी टाइप केलं, 'सण नाही. पऱ्हे पंचवीस दिवसांचे झाले की उपटून चिखलात लावायचे असतात. बाया नऊ लागतात, सहा दिवस जातात. माझी आई त्या नवांतली एक आहे.'

रजा मंजूर झाली.