डिकीतली काठी आणि नाना पेठ

आमच्या गाडीच्या डिकीत गेली दोन वर्षं एक काठी असायची. चोरांसाठी नाही हो, डिकीचं दार टेकवून धरायला! बाबांची 2008 ची हॅचबॅक. मागचं दार वर केलं की क्षणभर थांबायचं आणि मग हळूच खाली यायचं. डिसेंबरात सकाळी तर थांबायचंसुद्धा नाही. 'गाडी पळतेय ना, मग झालं तर!' हा बाबांचा फंडा. मीही हसून सोडून द्यायचे. मग एका रविवारी मंडईच्या पिशव्या काढताना काठी सरकली आणि दार आईच्या मनगटावर आपटलं. फ्रॅक्चर नव्हतं, नशीब. पण मनगट टम्म सुजलं आणि आठवडाभर पोळ्या माझ्याकडे. (त्या पोळ्यांविषयी न बोललेलंच बरं.)

पुढच्या शनिवारी मी स्कूटर काढली आणि थेट नाना पेठ गाठली. गाडी नेऊ नका, पार्किंग शोधण्यातच दिवस जाईल. क्वार्टर गेटकडून आत शिरलात की आधी रबर आणि ग्रीसचा वास येतो, मग दुकानं दिसतात. दारात लटकणारे बेल्ट, भिंतभर आरसे, हॉर्न, सीट कव्हर्स. सगळ्या पुण्याच्या गाड्या सुट्या करून इथे टांगल्यात असं वाटतं.

'काका, डिकीचे शॉकर हवेत.'

'जुना पीस आणलाय?'

नव्हता. परत घरी! बाबांना दार धरायला लावलं, छोट्या स्क्रू-ड्रायव्हरने टोकाची क्लिप उचकटली आणि शॉकर पेपरात गुंडाळून पुन्हा पेठेत.

काकांनी जुना पीस नव्याशेजारी धरून लांबी जुळवली, मग नळीवरचा आकडा दाखवला. पुढे 'एन' लिहिलेला, म्हणजे न्यूटन, जोर. 'दिसायला सगळे सारखेच, मॅडम. जोर कमी पडला तर दार खाली येणार, जास्त झाला तर बंद करताना घाम काढणार.' आत दाबाखाली भरलेला नायट्रोजन आणि थोडं तेल असतं. सील झिजलं की वायू हळूहळू निसटतो. थंडीत वायूचा दाब आणखी उतरतो, म्हणून डिसेंबरातलं ते नाटक!

'एकच दिला तर चालेल?' मी, पुणेकर, विचारणारच. एक नवा, एक म्हातारा असला की दार एका बाजूला पिळतं, म्हणून जोडीनेच बदलायचे. जुने मुळीच फोडायचे नाहीत, दाब उरलेला असतो. दोन्हीचे मिळून हजाराच्या आत झाले. एवढ्यासाठी दोन वर्षं काठी!

लावायला वीस मिनिटं लागली. दार बंद असताना दांडी खाली, जाड नळी वर. म्हणजे तेल सीलपाशी राहतं.

आता दार वर जातं आणि वरच राहतं. बाबा शेजाऱ्यांना डेमो देतात. आई मात्र अजूनही एकाच हाताने पिशव्या काढते. दुसरा हात दाराखाली धरलेला असतो.