सुंदरीला कुणी शिकवलं होतं?



दिवाळीनंतर कार्तिक शुद्ध पंचमी येते. व्यापारी घरांत ती लाभपंचमी, त्या दिवशी नव्या वह्या उघडतात. आपल्याकडे तीच ज्ञानपंचमी, म्हणून पुस्तकांना वंदन. मी कॉमर्सची पदवीधर, त्यामुळे जमाखर्च आणि ज्ञान एकाच तिथीला आलेले मला फार आवडते.

वरदत्त-गुणमंजरीची कथा तुम्ही ऐकलीच असेल. गुणमंजरी मुकी आणि रोगी जन्मली, कारण मागच्या जन्मी ती सुंदरी होती. गुरुजी मुलांना ओरडले म्हणून तिने मुलांची पाटी-पुस्तके जाळून टाकली. राजपुत्र वरदत्त मागच्या जन्मी आचार्य होता. शिष्यांच्या शंकांना कंटाळून त्याने शिकवणेच सोडले होते.

दिगंबर परंपरेतली शास्त्रदानाची कथा याच्या उलट. गोविंद नावाच्या गुराख्याला झाडाच्या ढोलीत ग्रंथ सापडतो. तो त्याची पूजा करतो, मुनींना अर्पण करतो आणि पुढच्या जन्मी ज्ञानी कौंडेश होतो.

माझ्या सासूबाईंना अक्षरओळख नव्हती, पण सुंदरीची कथा तोंडपाठ होती. सांगता सांगता मध्येच म्हणायच्या, "अगं, पण तिला तरी कुणी शिकवलं होतं?"

हा प्रश्न मी कुठल्या प्रवचनात ऐकला नाही. जिने कधी पुस्तक हातात धरले नाही, तिला ते मुलांना मार बसवणारी वस्तूच वाटणार ना?

आपल्या पुण्यात भांडारकर संस्थेत (स्थापना १९१७) हजारो हस्तलिखिते आहेत, त्यांत जैन पोथ्याही पुष्कळ. जुन्या पोथ्यांच्या शेवटी लेखनिक विनवतात, की पाण्यापासून, तेलापासून, सैल बांधणीपासून पोथी सांभाळा आणि मूर्खाच्या हाती देऊ नका. पण कथेत ग्रंथ वाचवला तो गुराख्याच्याच हातांनी!

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी परवा म्हणाल्या, बँकेत अंगठा द्यायची लाज वाटते. यंदाच्या पंचमीला पुस्तकांवरची धूळ पुसून झाली की मी त्यांना पाटी देणार आहे. पहिल्या दिवशी फक्त त्यांचे नाव. त्यांच्या शंकांना मात्र कंटाळायचे नाही, वरदत्ताची गोष्ट आठवायची.

तुमच्या घरीही अशी कुणी असेल. आणा एक पाटी.