शिवले तर गुण!

एप्रिलच्या अखेरीस आम्ही सहकुटुंब जुन्नर-आंबेगावकडे निघालो. निमित्ते दोन होती. मुलांना लेण्याद्रीची लेणी दाखवायची होती आणि आंबेगाव तालुक्यातल्या मामांच्या गावी जयंतीनिमित्त कबड्डीचे सामने होते. मामांचा निरोप स्पष्ट होता, "लेणी काय पळून जात न्हाईत. सामने दोनच दिवस हायेत. आधी इकडं या."

पुण्याहून निघालेली एसटी चाकण, राजगुरुनगर करीत मंचरला आली. रस्त्याच्या कडेला कांद्याच्या गोण्या रचलेल्या होत्या. मंचरला उतरून आम्ही घोडेगावच्या बाजूची गाडी धरली. इथून पश्चिमेला निघाले की सह्याद्रीचे डोंगर हळूहळू जवळ येऊ लागतात. घोड नदीवरचे डिंभे धरण याच अंगाला आहे. ज्या आंबेगावचे नाव तालुक्याला आहे ते मूळ गाव या धरणाच्या पाण्याखाली गेले. तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो, नाव मात्र बुडालेल्या गावाचे!

मामांच्या गावात शिरतानाच बैलगाडा शर्यतीचा घाट दिसला. या दोन तालुक्यांचा हा जुना नाद. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी घातली. २०२१ च्या डिसेंबरात अटींसह परवानगी मिळाली आणि २०२३ मध्ये न्यायालयाने ती कायम केली. आता यात्रा आली की घाटावर भंडारा उधळतो. पण शर्यतीला बैल लागतात, बैलांना खुराक लागतो आणि खुराकाला जमीन लागते. ज्याच्या घरी गुंठाभर जमीन नाही त्याने काय खेळावे? त्याच्यासाठी हुतूतू आहे. ना बॅट, ना चेंडू, ना बूट. मातीचा तुकडा, सात गडी आणि छातीतला दम एवढे पुरे.

बुद्धविहाराच्या मागच्या मोकळ्या जागेत मैदान तयार होत होते. पोरांनी खडे वेचले होते, मातीवर पाणी मारून ती दाबली होती. दोन मुले सुतळी धरून उभी होती आणि तिसरा फक्कीने रेघा ओढत होता. तेरा मीटर लांब, दहा मीटर रुंद. माप चुकले की मामांचा नातू ओरडत होता. तो संघाचा कप्तान. चाकणच्या एका कारखान्यात तो कंत्राटी कामगार आहे. रात्रपाळी करून सकाळी आला होता आणि झोपला नव्हता. बाकीचे गडीही असेच. एकजण नारायणगावच्या बाजारात टोमॅटोची पिकअप चालवतो, दोघे सेंट्रिंगच्या कामाला जातात, दोघे मंचरला शिकतात. खेळाचा पगार कोणालाच नाही. उलट प्रत्येकजण महिन्याला ठरलेली वर्गणी देतो. त्यातून बनियनी येतात, गुडघ्याच्या पट्ट्या येतात, परगावच्या सामन्याला जायला गाडीचे डिझेल येते. यालाच इंग्रजीत 'अॅमॅच्युअर' म्हणतात, आपण 'हौशी' म्हणतो. देशातल्या कबड्डी संघटनेच्या नावातही हाच शब्द आहे. पण हौस म्हणजे रिकामपणचा उद्योग नव्हे. आठ तास उभे राहून काम केल्यावर पुन्हा मैदानात उतरायला जी लागते ती हौस.

सामने हॅलोजनच्या उजेडात रात्री दहापर्यंत चालले. मग सगळे टोळीटोळीने, बॅटऱ्या लावून, मोठ्याने बोलत घरी निघाले. या भागात उसातून बिबट्या कधी समोर येईल याचा नेम नाही. जखमी आणि पकडलेल्या बिबट्यांसाठी जुन्नर तालुक्यात माणिकडोहला निवारा केंद्रच आहे, त्यावरून काय ते समजावे.

जेवणे झाल्यावर ओट्यावर बसलो असता मामांनी आपल्या खेळाची गोष्ट काढली.

"बहात्तरच्या दुष्काळानंतरचं साल. यात्रेत हुतूतूचे सामने लागले. आमच्या वस्तीतली आम्ही सात पोरं उतरलो. समोर गावची पोरं. मी चढाईला गेलो तर समोरचे मागं सरकायला लागले. एखाद्याला हात लागला तर अंग आखडून घ्यायचा. धरायला कुणीच येईना. मी आपला गुण घेऊन परत यायचो. आमची पोरं खूश, म्हणाली आपण जिंकतोय. मला मात्र गुण गोड लागेना. माझ्या ध्यानात आलं, हे खेळतच न्हाईत. विटाळ चुकवत्यात."

मामा थोडा वेळ थांबले. मामींनी पानाचा डबा पुढे सरकवला.

"पंच म्हणून शाळेचे गुरुजी होते. त्यांनी मध्यंतरात गावच्या पोरांना बोलावलं न् सगळ्यांसमोर सांगितलं, खेळायचं असेल तर धरा, न्हाईतर घरी जा. पुढच्या डावात मी गेलो न् एकानं माझा घोटा धरला. मग तिघं अंगावर पडली. तोंडात माती, दम तुटला, बाद झालो. आन् पोरांनो, मला हसू आवरेना! आयुष्यात पहिल्यांदा गावानं मला धरलं होतं."

"मग जिंकलं कोण?" आमच्या मुलीने विचारले.

"ते काय ध्यानात न्हाई बघ. सामना झाल्यावर पाणी प्यायला गेलो ते ध्यानात हाये. वरनं धार धरली, आम्ही ओंजळ धरली. मैदानात कवळा घातला होता, मैदानाबाहेर पुन्हा ओंजळ."

वाचकहो, अंथरुणावर पडल्यावर आमच्या मनात ही ओंजळ घोळत राहिली. हीच गोष्ट आपल्या पुणे शहरात त्याच्याही कितीतरी आधी घडली होती. पळवणकर बाळू हे चांभार समाजात जन्मलेले थोर गोलंदाज. मैदानात त्यांनी टाकलेला चेंडू सगळे हाती घेत. चहाच्या वेळी मात्र त्यांना पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. तरी हिंदू संघाचे कप्तानपद त्यांना मिळाले नाही. ते १९२३ मध्ये त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले. क्रिकेटमध्ये निदान मधे चेंडू तरी असतो. कबड्डीत तोही नाही. इथे माणसाने माणसाला शिवायचे आणि माणसाने माणसाला धरायचे, यावरच सगळा खेळ उभा आहे. शिवले तर गुण. ज्या समाजाने शिवण्याचे पाप ठरवले, त्याच्याच मातीत हा खेळ जन्मावा, ही केवढी नवलाची गोष्ट!

दुसऱ्या दिवशी सकाळी नारायणगावमार्गे जुन्नरला निघालो. मामांचा नातू सोबत होता. गाडीत तो म्हणाला, "काका, ऑस्ट्रेलियात एक वेगळाच फुटबॉल असतो, ठाऊक आहे का? अंडाकृती चेंडू, अंडाकृती मैदान, एका बाजूला अठरा गडी." १८५९ मध्ये मेलबर्नला त्याचे नियम लिहिले गेले. पोटापाण्यासाठी युरोपात गेलेल्या ऑस्ट्रेलियन लोकांनी तिथेही हा खेळ नेला. १९८९ मध्ये ब्रिटनमध्ये आणि १९९१ मध्ये डेन्मार्कमध्ये त्यांची साखळी उभी राहिली. तेही आपल्यासारखेच हौशी. आठवडाभर नोकरी करायची, सुट्टीच्या दिवशी पदरमोड करून खेळायचे. तिकडे अंडाकृती मैदाने सहसा मिळत नाहीत, म्हणून दुसऱ्या खेळाच्या मैदानावर रेघा आखून अनेकदा नऊ-नऊ गडीच खेळतात. सुरुवात परदेशी गेलेल्यांनी केली, मग तिथली स्थानिक मुलेही येऊन मिळाली.

या खेळातही एक ओंजळ आहेच. १७ एप्रिल १९९३ ला मेलबर्नमध्ये निकी विनमार या आदिवासी खेळाडूला प्रेक्षकांनी त्याच्या कातडीवरून शिव्या दिल्या. सामना जिंकल्यावर त्याने प्रेक्षकांकडे तोंड करून बनियन वर केली आणि आपल्या काळ्या कातडीवर बोट ठेवले. त्या छायाचित्राने तो देश हलला. १९९५ मध्ये अशा शिवीगाळीविरुद्ध स्पर्धेत नियमच झाला.

आपली कबड्डीही काही गावातच बसून राहिलेली नाही. १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डी आली, २०१० मध्ये महिलांचीही आली. २०१६ च्या अहमदाबादच्या विश्वचषकात पोलंडच्या संघाने इराणसारख्या बलाढ्य संघाला हरवले. त्याच स्पर्धेत उतरलेल्या ऑस्ट्रेलियाच्या संघाचा कप्तान त्या अंडाकृती चेंडूच्या खेळातला माजी खेळाडू होता. २०२५ मध्ये तर विश्वचषक थेट इंग्लंडात भरला.

बोलता बोलता जुन्नर आले. गावाच्या एका बाजूला शिवनेरी, दुसरीकडे मानमोडीचा डोंगर आणि कुकडी नदीपलीकडे लेण्याद्री. जुन्नरच्या भोवतालच्या डोंगरांत मिळून दोनशेच्या आसपास लेणी आहेत. लेण्याद्रीला तीनशेच्या आसपास पायऱ्या चढाव्या लागतात. सोबत पाणी ठेवावे आणि माकडांपासून पिशवी सांभाळावी. सातव्या क्रमांकाच्या मोठ्या विहारात गिरिजात्मज गणपतीचे मंदिर आहे, त्यामुळे गर्दी तिथेच असते. आम्ही आधी शेजारच्या सहाव्या लेण्यात गेलो. हे चैत्यगृह. दोन्ही बाजूंना खांबांची रांग आणि शेवटी स्तूप. आत पाऊल टाकताच मुलांचा आवाज आपोआप खाली आला. हे चैत्यगृह कल्याणच्या हेरणिकाचा पुत्र सुलसदत्त याचे दान आहे, असे इथला ब्राह्मी लेख सांगतो.

जुन्नरच्या लेण्यांतले लेख म्हणजे दात्यांची यादीच आहे. त्यात राजेरजवाड्यांपेक्षा साधी माणसे जास्त. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दिले. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि काशाची भांडी घडवणाऱ्यांच्या श्रेणींचीही नावे आहेत. श्रेणी म्हणजे एका धंद्यातल्या लोकांनी मिळून केलेला संघ. शिवाय यवनही आहेत. यवन म्हणजे पश्चिमेकडून आलेले ग्रीक. इरिल, चिट आणि चंद अशी त्यांची नावे कोरलेली आहेत. इरिलाने पाण्याची दोन टाकी दिली, चिटाने संघासाठी भोजनमंडप दिला.

मामांचा नातू हे ऐकून थबकला. "म्हणजे परदेशातून आलेल्या माणसानं इथं लोकांच्या जेवणाची सोय केली? आणि आमच्याकडं गावातल्या गावात पंगत वेगळी?"

आमच्याजवळ याला उत्तर नव्हते. आम्ही मुलांना घेऊन पायऱ्या उतरू लागलो.

संध्याकाळी अंतिम सामना झाला. त्याआधी मुलींचा एक प्रदर्शनीय सामना ठेवला होता. त्यांचे मैदान थोडे लहान असते, बारा बाय आठ. पहिल्यांदा त्या लाजत होत्या. पण एका पोरीने दोघींना शिवून उडी मारत मध्यरेषा गाठली आणि सगळ्या आयाबाया उठून उभ्या राहिल्या. आमच्या मुलीने तिथेच ठरवून टाकले, शाळेच्या संघात नाव घालायचे.

अंतिम सामन्यात आमचा संघ दोन गुणांनी हरला. कप्तानाची शेवटची चढाई घोट्याच्या पकडीत सापडली. त्याने हात लांबवला, रेषा चार बोटे दूर राहिली. पंचाची शिट्टी वाजली. ज्याने पकडले त्यानेच हात देऊन उठवले.

यंदा आमच्या संघात गावातली दोन मुलेही आहेत. त्यांतल्या एकाला घरून सांगून ठेवले होते, खेळायचे तर खेळ, पण तिकडे जेवायचे नाही. सामना संपल्यावर विहारासमोर पंगत बसली. तो मुलगा बनियनीने तोंड पुसत थोडा वेळ बाजूला उभा राहिला. कोणीही त्याला आग्रह केला नाही. मग तो आला आणि कप्तानाशेजारी मांडी घालून बसला. भात, वरण, बुंदी. मामा स्वतः वाढायला उठले होते.

मुलाने दोनदा भात घेतला. मग पाण्याचा जग उचलून त्याने सगळ्या रांगेचे पेले भरले. शेवटी मामांकडे वळून म्हणाला, "आजोबा, तुमचा पेला कुठाय?"

मामांनी पेला पुढे केला. तो भरून घेतला आणि उभ्या उभ्याच प्यायले.

वाचकहो, सुट्टीत जुन्नरला जाल तेव्हा लेणी अवश्य पाहा. आणि वाटेत कुठे फक्कीच्या रेघा दिसल्या, तर मुलाबाळांना घेऊन घटकाभर तिथेही उभे राहा. मुलींना तर मैदानात पाठवाच.