काचेमागचे नितळ पाणी

घरात आजी-आजोबा असले आणि दिवाणखान्यात माशांची काचेची टाकी असली, की त्या टाकीची जबाबदारी कालांतराने त्यांच्याकडेच येते, असा माझा अनुभव आहे. टाकी येते नातवंडांच्या हट्टाने. हट्ट महिना-दोन महिन्यांत ओसरतो. मासे मात्र राहतात आणि त्यांना रोज खाऊ लागतो. गृहभेटींच्या निमित्ताने मी अशा कितीतरी टाक्या पाहिल्या आहेत. अंथरुणाला खिळलेल्या एका आजींचा पलंग खिडकीकडून हलवून मुद्दाम टाकीसमोर ठेवलेलाही पाहिला आहे. कोणाला तरी आपली गरज आहे, ही जाणीव वार्धक्यात मोठा आधार देते. म्हणून टाकी काढून टाका, असे मी सहसा कोणाला सांगत नाही.

तक्रार बहुतेक घरी एकच असते: पाणी गढूळ होते. कधी ते तांदळाच्या धुवणासारखे पांढुरके दिसते, कधी हिरवट. पाणी बदलले की दोन दिवस बरे, पुन्हा तेच. बादल्या उचलून सुनेची कंबर धरते, आणि आजोबांना वाटते की आपल्यामुळे घरात त्रास होतो आहे. अशा काही घरांत अलीकडे मला एक यंत्र दिसले, बहुधा परदेशातल्या मुलाने सुट्टीत येताना आणलेले. त्याचे नाव डायाटम फिल्टर. ‘डॉक्टर, हे चांगले का हो?’ हा प्रश्न तपासणीच्या ओघात मला विचारला जातो, म्हणून आज थोडे सविस्तर लिहितो.

डायाटम ही एकपेशीय सूक्ष्म शैवले. समुद्रात, नदीत, तळ्यात ती सर्वत्र असतात. त्यांच्या पेशीभोवती सिलिकेचे, म्हणजे ज्या द्रव्यापासून काच बनते त्याचेच, नक्षीदार कवच असते. शैवल मरते आणि कवच तळाशी बसते. लक्षावधी वर्षे असे थर साचून जी पांढुरकी, हलकी, खडूसारखी माती तयार होते, ती डायाटमी माती. या कवचांना असंख्य बारीक छिद्रे असल्याने ती उत्तम गाळणी ठरते. (आल्फ्रेड नोबेल यांनी याच मातीत नायट्रोग्लिसरीन जिरवून डायनामाइट तयार केले आणि १८६७ मध्ये त्याचे पेटंट घेतले; पण तो विषय निराळा.)

आपल्यापैकी ज्यांनी साठी ओलांडली आहे, त्यांच्या स्वयंपाकघरात एके काळी स्टीलचा दोन मजली फिल्टर असेल. त्याच्या वरच्या भांड्यात पांढऱ्या कँडल असत. या मातीचे ते जुने नाते. जर्मनीत विल्हेल्म बर्केफेल्ड यांनी १८९१ च्या सुमारास डायाटमी मातीच्या अशा कँडल बनवल्या, आणि पुढच्याच वर्षी हँबर्ग शहरात पटकीची साथ आली तेव्हा त्या कामी आल्या. त्या साथीत आठ हजारांहून अधिक माणसे दगावली. हँबर्ग एल्ब नदीचे पाणी न गाळता पुरवीत होते. लगतचे आल्टोना मात्र वाळूतून गाळलेले पाणी देत होते आणि ते बव्हंशी बचावले. पुढे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराने पिण्याच्या पाण्यासाठी डायाटमी मातीचे फिल्टर वापरले, कारण आमांशाच्या अमीबाची कोष्ठे नेहमीच्या क्लोरिनला दाद देत नव्हती. ती या गाळणीत अडकत. तेव्हा आपल्या माशांच्या टाकीशी येऊन उभे राहिलेले हे यंत्र चांगल्या कुळातले आहे, यात शंका नाही.

त्याची रचना साधी. एक बरणी, तिच्यावर मोटर, आत कापडी पिशवी आणि दोन नळ्या. ही पूड पाण्यात कालवून ते पाणी आधी वेगळ्या बादलीत फिल्टरमधून फिरवत ठेवायचे. हळूहळू पुडीचा थर कापडावर बसतो आणि बादलीतले पाणी स्वच्छ दिसू लागते. मगच नळ्या टाकीत सोडायच्या. आपल्या रक्तातील तांबडी पेशी सुमारे सात मायक्रॉन व्यासाची असते. त्याहूनही लहान कण हा थर अडवतो. हिरवे पाणी करणारे तरंगते शैवल, न धुता टाकलेल्या वाळूची धूळ, कुजलेल्या खाऊचा भुगा, माशांच्या अंगावर पांढरे ठिपके उठवणाऱ्या परजीवींपैकी पाण्यात पोहत असलेले काही, हे सारे त्यात सापडते. तीन-चार तासांत पाणी असे होते की मासे हवेत तरंगत आहेत असे वाटावे.

मात्र थर लवकर तुंबतो, म्हणून हे यंत्र कायम चालू ठेवायचे नसते. काही तास चालवावे, धुवावे, वाळवून ठेवून द्यावे. रोजच्या स्पंजच्या फिल्टरची जागा त्याला देऊ नये. आपल्याकडे आणखी एक अडचण आहे, ती म्हणजे वीज जाण्याची. मोटर थांबली की पुडीचा थर कापडावरून गळून पडतो आणि वीज परत येताच ती पूड थेट टाकीत जाते. म्हणून वीज गेली तर आधी बटण बंद करावे आणि पुन्हा बादलीपासून सुरुवात करावी. अमेरिकेतून आणलेले यंत्र बहुधा ११० व्होल्टचे असते. ते ट्रान्सफॉर्मरशिवाय आपल्या २३० व्होल्टच्या विजेवर लावू नये.

आता मूळ प्रश्न. नितळ पाणी म्हणजे माशांसाठी निरोगी पाणी का? नव्हे. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतात. उरलेला खाऊ कुजूनही अमोनिया तयार होतो. तो पाण्यात विरघळलेला असतो, आणि विरघळलेली वस्तू गाळणीत अडकत नाही. साखरेचे पाणी फडक्यातून गाळले तरी गोडच राहते. आपल्या शरीरात अमोनियाचे युरिया करण्याचे काम यकृत करते. यकृत निकामी होऊ लागले की अमोनिया रक्तात साठतो आणि शहाणासुरता माणूस असंबद्ध बोलू लागतो, हे आम्ही डॉक्टर नेहमी पाहतो. टाकीत हे काम स्पंजवर आणि वाळूवर वस्ती करून असलेले जिवाणू करतात. ते अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्रेट मग थोडे थोडे पाणी बदलून काढावे लागते. म्हणून स्पंज नळाखाली खसखसून धुऊ नका. नळाच्या क्लोरिनने ते जिवाणू मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्यातच तो हलकेच पिळावा. अमोनिया डोळ्यांना दिसत नाही. तो पाहण्यासाठी थेंबांची चाचणी मिळते, ती घरी असावी.

हे एवढ्या आग्रहाने सांगण्याचे कारण माझे एक रुग्ण आहेत. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलतो. वय अठ्ठ्याहत्तर, निवृत्त शिक्षक, रक्तदाबासाठी नियमित औषध. त्यांच्या टाकीचे पाणी गढूळ होऊ लागले, तेव्हा मुलाने डायाटम फिल्टर आणून दिला. सूनबाई सुरुवातीला तो महिन्यातून एकदा लावीत. पुढे दर आठवड्याला लावावा लागू लागला. पाणी आरशासारखे, आणि मासे मात्र वर येऊन धापा टाकीत एकेक करून मरत होते. सरांना घेऊन त्या रक्तदाब तपासायला आल्या, तेव्हा बोलता बोलता हे निघाले.

मी विचारले, ‘खाऊचा डबा किती दिवस पुरतो?’

त्या थबकल्या. ‘पूर्वी दोन महिने जायचा. हल्ली पंधरा दिवसांत संपतो.’

सर ठामपणे म्हणाले, ‘मी दोनदाच घालतो. सकाळी आणि संध्याकाळी.’

ते खोटे बोलत नव्हते. पुढच्या रविवारी नातीने गुपचूप मोजले, तर दुपारच्या जेवणापर्यंत पाच वेळा खाऊ पडला होता. टाकीजवळ जावे तर मासे काचेपाशी येतातच. सरांना वाटे, आज यांना घातले नाही. प्रत्येक वेळी ते पहिल्यांदाच घालीत होते. मग मी गोळ्यांच्या पट्ट्या मोजायला सांगितल्या. काही दिवशी रक्तदाबाची गोळी दोनदा गेली होती, काही दिवशी मुळीच नाही. सकाळी उठताना त्यांना येणाऱ्या चकरांचा उलगडा झाला. त्या चकरांत ते न्हाणीघरात पडले असते तर मांडीचे हाड मोडायला वेळ लागला नसता.

फिल्टरचा यात दोष नाही. त्याने आपले काम चोख केले. पण गढूळ पाणी घरात काहीतरी सांगत होते, आणि दर आठवड्याला ते पुसले जात होते. ताप का आला हे न पाहता रोज पॅरासिटामॉल देत राहावे, तसे.

सरांनी मला एकट्याला विचारले, ‘डॉक्टर, माझं डोकं चालेनासं झालंय का?’ मी म्हणालो, ‘सर, विसर पडतो आहे एवढं खरं. का पडतो, ते शोधू.’ स्मरणाची चाचणी, थायरॉइड, बी-१२, साखर, ऐकू येण्याची तपासणी, मनाच्या उदासीची विचारपूस, असे सगळे केले. बी-१२ बरेच कमी निघाले, त्याची इंजेक्शने सुरू केली. विस्मरण त्याने पुरते गेले नाही; थोडा उजाळा आला. पुढे त्यांना मेंदुविकारतज्ज्ञांकडे पाठवले. घरी सूनबाईंनी औषधांसाठी सात कप्प्यांची डबी आणली आणि तशीच दुसरी खाऊसाठी. आता सकाळी नात दोन्ही डब्या समोर ठेवते. खाऊ सरच घालतात, तो हक्क कोणी काढून घेतलेला नाही. फिल्टर माळ्यावर आहे. चार-पाच महिन्यांत एखादा वेळ उतरतो.

म्हणून काळजीवाहकांना माझी विनंती: पाणी एकाएकी वारंवार गढूळ होऊ लागले, तर यंत्र काढण्यापूर्वी डबा तपासा, टाकीवर ऊन कोठून येते ते पाहा, मासे किती झाले ते मोजा. आणि घरातल्या सर्वांना पाणी स्वच्छ दिसत असताना एकट्या आजींनाच ते धुरकट दिसत असेल, तर फिल्टरऐवजी नेत्रतज्ज्ञ गाठा. मोतीबिंदू असा लक्षात आल्याचे मी पाहिले आहे.

यंत्र वापरायचेच असेल, तर काही गोष्टी ज्येष्ठांनी स्वतः करू नयेत. कोरडी पूड हवेत उडते आणि श्वासात जाते. जलतरण तलावांसाठी विकली जाणारी पूड बहुधा भट्टीत तापवलेली असते. त्यात सिलिकेचा काही भाग स्फटिकरूप होतो आणि तो फुफ्फुसांना घातक आहे. दमा किंवा जुनाट श्वासनलिकेचा विकार असणाऱ्यांनी पुडीजवळ थांबूच नये. इतरांनीही मुखपट्टी लावून, पंखा बंद करून, पूड पाण्याच्या पृष्ठभागाजवळून हळूच सोडावी. वापरलेली पूड ओली असतानाच पिशवीत भरून टाकावी. पंधरा लिटरची भरलेली बादली म्हणजे पंधरा किलो वजन. हाडे ठिसूळ झालेल्या माणसाने ती उचलू नये. सांडलेले पाणी लगेच पुसावे. टाकीत हात घालण्यापूर्वी विजेची उपकरणे बंद करावीत आणि नळी तोंडाने ओढू नये.

हातावर चीर असेल, विशेषतः मधुमेह असेल, तर हातमोजे घालूनच टाकीत हात घालावा. माशांच्या पाण्यात क्षयजंतूंच्या कुळातला एक जिवाणू असू शकतो. तो जखमेतून शिरला, तर काही आठवड्यांनी बोटावर किंवा हातावर न दुखणारी, लालसर गाठ येते. ती नेहमीच्या प्रतिजैविकांनी बरी होत नाही. कधी कोपराच्या दिशेने एकापुढे एक गाठी उठतात. योग्य औषध अनेक महिने घ्यावे लागते. अशी गाठ घेऊन डॉक्टरांकडे गेलात, तर ते बहुधा विचारणार नाहीत. आपणच सांगावे की घरी माशांची टाकी आहे.