दुसरी डिस्क

'फॉरमॅट' हा शब्द करड्या रंगात होता, म्हणजे दाबता येणार नव्हता. डिस्क मॅनेजमेंटच्या खिडकीत दोन पट्ट्या दिसत होत्या. वरची २०१२ साली घेतलेल्या डिस्कची, तिच्यावर विंडोज सेव्हन. खालची नागपूरहून आलेल्या ४० जीबीच्या जुन्या डिस्कची, तिच्यावर विंडोज एक्सपी. मला खालची पुसायची होती. खालच्या मजल्यावरची मुलगी टायपिंग शिकते आहे, तिला हा संगणक द्यायचा होता, आणि घरातले कागद आत ठेवून कपाट कोणी दुसऱ्याला देत नाही.

कारण शोधण्यात अर्धा दिवस गेला. खालच्या पट्टीवर बारीक अक्षरांत 'सिस्टिम, ॲक्टिव्ह' असं लिहिलेलं होतं. दुसरी डिस्क बसवून नवं विंडोज घातलं तेव्हा त्यानं संगणक सुरू करण्याची सोय स्वतःकडे न ठेवता आधीच्याच डिस्कवर ठेवली होती. बटण दाबलं की संगणक आधी जुन्या डिस्ककडे जायचा. तिथला बूट मॅनेजर विचारायचा, नव्यात जायचं की जुन्यात? तीस सेकंद कोणी काही बोललं नाही तर तो नव्यात सोडायचा. बारा वर्षं मी तो काळा पडदा रोज पाहिला आणि त्याला निव्वळ अडगळ समजत आले. जुनी डिस्क पुसली असती तर नवी सुरूच झाली नसती.

यावर उपाय आहे आणि तो अवघड नाही. नव्या डिस्कचं पार्टिशन 'ॲक्टिव्ह' करायचं, संगणक बंद करून जुन्या डिस्कची केबल काढायची, विंडोजची डीव्हीडी घालून स्टार्टअप रिपेअर चालवायचं. एकदा चालवून भागत नाही, दोनतीनदा चालवावं लागतं. मग नवी डिस्क स्वतःच्या पायावर उभी राहते. हे सगळं मी केलं, पण त्याआधी एकदा शेवटचं म्हणून त्या काळ्या पडद्यावर जुन्याची निवड केली.

एक्सपी उघडलं. तीच कॅलिफोर्नियातली हिरवी टेकडी आणि निळं आकाश. त्या आकाशावर बाबांनी एका उभ्या रांगेत लावलेली फोल्डरं.

बाबा जिल्हा परिषदेतून कारकून म्हणून निवृत्त झाले. मराठी टंकलेखनाची चाळीसची परीक्षा पास झालेले. २००४ साली घरी संगणक आला तो त्यांनीच घेतलेला, आणि मराठी सॉफ्टवेअर घेताना दुकानदाराला त्यांचा एकच प्रश्न होता : कीबोर्ड रेमिंग्टनचा मिळेल ना? मिळाला. सॉफ्टवेअरबरोबर एक कुलूपही आलं, आगपेटीएवढं, प्रिंटरच्या पोर्टमध्ये खुपसून ठेवायचं. ते नसेल तर मराठी उमटायचं नाही. मी जादवपूरहून तौलनिक साहित्यात एम. ए. करून परतले होते आणि एका बंगाली कादंबरीचा अनुवाद करत होते. वहीत लिहायचे, बाबा टाइप करायचे. रोज सकाळी पूजा आटोपली की आठ ते दहा.

त्या काळातल्या मराठी फायलींबद्दल थोडं सांगायला हवं, कारण ज्यांनी युनिकोडमध्येच लिहायला सुरुवात केली त्यांना हा घोळ खरा वाटणार नाही. युनिकोडात 'क' हा 'क'च असतो, कोणत्याही फॉन्टमध्ये. जुन्या पद्धतीत फाइलमध्ये 'क' नसायचाच. तिथे इंग्रजी वर्णमालेतल्या कुठल्या तरी चिन्हाचा क्रमांक असायचा, आणि फॉन्ट त्या जागी 'क'चं चित्र दाखवायचा. कोणतं चित्र कोणत्या खणात ठेवायचं हे फॉन्ट बनवणारा ठरवायचा, प्रत्येकाचे खण वेगळे. फॉन्ट नसेल तर पानभर टोपीवाले ए आणि पौंडाची चिन्हं. आणि सगळं डोळ्यांना दिसेल त्या क्रमानं : पहिली वेलांटी दिसते अक्षराच्या आधी, म्हणून फाइलमध्येही आधी, रफार मात्र नंतर. युनिकोडात हे उलटं, म्हणजे आपण उच्चारतो तसं. वास्तविक इस्की नावाचं भारतीय मानक १९९१ साली पक्कं झालं होतं, युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची. पण छापखान्याला हवा असायचा फॉन्ट, मानक नव्हे, आणि आम्ही सगळे छापखान्याकडे बघून लिहीत होतो.

नुसतं वाचायचं असेल तर फॉन्टची फाइल नव्या यंत्रावर नेली की पुरे, जुनं विंडोज जपून ठेवायची गरज नसते. हे मला उशिरा कळलं. मजकूर शोधायचा, बदलायचा, कोणाला पाठवायचा असेल तर मात्र रूपांतर करावं लागतं. मी एका फुकट मिळालेल्या साधनातून पहिलं प्रकरण काढून पाहिलं. नव्वद टक्के बरं आलं. वेलांट्या काही ठिकाणी शेजारच्या घरात गेल्या होत्या. 'दुसऱ्या'चा 'दुसर्या' आणि 'वाऱ्या'चा 'वार्या' झाला होता. साधन हिंदीवाल्यांनी हिंदीसाठी केलेलं, त्यांना आपला चंद्रकोरीसारखा अर्धा र कशाला लागतो! ते दुरुस्त करायला ओळ न् ओळ वाचावी लागली. वाचली नसती तर पुढचं काही घडलंच नसतं.

दुसऱ्याच पानावर कंस. माझ्या वाक्याच्या पोटात : (असं कोण म्हणते?)

मी विसरले होते. इतकं की पहिल्या क्षणी वाटलं, हीदेखील रूपांतराची चूक.

बाबांना बंगालीतलं अक्षर येत नव्हतं. मूळ कादंबरीत काय आहे हे त्यांना माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता. ते फक्त मराठी वाचत होते. एका ठिकाणी माझ्या हातून मूळचा 'चेष्टा' तसाच राहून गेला होता. बंगालीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. 'त्याने नोकरीसाठी खूप चेष्टा केली' असं मराठी मी लिहून बसले होते आणि बाबांनी कंसात विचारलं होतं : (कोणाची?)

खरी अडचण 'अभिमान' या शब्दाची होती. शब्द दोन्ही भाषांत एकच, अर्थ निराळे. बंगाली अभिमान म्हणजे गर्व नव्हे. आपल्याच माणसानं आपली दखल घेतली नाही म्हणून मनात जे दुखतं, आणि जे तोंडानं सांगायचं नसतं, ते. परक्यावर अभिमान करता येत नाही. बंगालीतून अनुवाद करणाऱ्या प्रत्येकाची या शब्दापाशी एकदा तरी परीक्षा होते. मी सगळीकडे 'दुखावलेपण' लिहिलं होतं. अचूक होतं, आणि मेलेलं. बाबांनी ते खोडलं नाही. कंसात पर्याय देत गेले. लहान बहिणीच्या तोंडी : (रुसवा). सुनेच्या बाबतीत : (मनाला लावून घेतलं). आणि सहाव्या प्रकरणात, जिथे म्हातारा बाप मुलीशी महिनाभर बोलत नाही, तिथे : (मोठा माणूस रुसत नाही. अबोला धरते.)

पुस्तक २००७ साली आलं. ते कपाटातून काढलं आणि फायलींशेजारी ठेवून वाचत गेले. कंस गेलेले आहेत, शब्द राहिलेले आहेत. रुसवा, मनाला लावून घेणं, अबोला. मीच घेतले असणार, दुसरं कोण घेणार. एका परीक्षणात 'अबोला' या शब्दाचं नाव घेऊन कौतुक झालं होतं. ते कात्रण माझ्याकडे आहे. पुढे दोन चर्चासत्रांत मी या शब्दावर बोलले, 'एका शब्दाला एकच प्रतिशब्द नसतो' वगैरे. ऋणनिर्देशात बाबांसाठी एक ओळ आहे : टंकलेखनाचं किचकट काम माझ्या वडिलांनी आनंदानं केलं.

कंस आठव्या प्रकरणापर्यंत आहेत. नवव्यापासून एकही नाही. आधी वाटलं रूपांतरात गळले. मूळ फायली जुन्या फॉन्टमध्ये उघडून पाहिल्या, तिथेही नाहीत. नववं ते एकविसावं प्रकरण, स्वच्छ, एक चूक नाही, माझ्या वहीबरहुकूम. 'दुखावलेपण' जिथल्या तिथे.

मग आठवलं. प्रकाशकाची तारीख जवळ आली होती आणि दर पानावरचे कंस काढण्यात माझा वेळ जात होता. मी म्हणाले होते, "बाबा, तुम्ही फक्त टाइप करा." ते म्हणाले, "बरं." एवढंच झालं. भांडण नाही, आवाज चढला नाही. म्हणूनच विसरता आलं. त्याच परीक्षणाच्या शेवटी एक वाक्य होतं की उत्तरार्धात भाषा कोरडी होत जाते. ते मी इतकी वर्षं परीक्षकाच्या कंटाळ्याच्या खाती मांडलं होतं.

बाबा २०११ साली गेले. पुढच्या वर्षी घर आवरून मी कोलकात्याला आले, तेव्हा हा संगणक चादरीत गुंडाळून गीतांजली एक्सप्रेसमध्ये बर्थखाली ठेवला होता. रात्रभर पाय त्याला लागत होते.

आता काय करायचं याचं ठाम उत्तर माझ्यापाशी नाही. पुस्तकाची आवृत्ती कधीच संपली आहे, नवी निघेल असं दिसत नाही. निघालीच तर ऋणनिर्देश बदलीन, पण नवव्या प्रकरणापासून पुढचं काय? तिथे आता मी स्वतः कंस घालून पाहिले. चारपाच जागी सुचलं. बाकी ठिकाणी माझ्या अचूकपणापलीकडे मला काही ऐकू येत नाही.

फायली लॅपटॉपवर घेतल्या, फॉन्टही घेतला. आधीची आठ प्रकरणं कंसांसकट युनिकोडमध्ये नीट करून ठेवली. कंस काढले नाहीत. मग फॉरमॅट. क्विक नव्हे, पूर्ण. क्विकमध्ये फक्त अनुक्रमणिका पुसली जाते, पानं तशीच राहतात आणि शोधणाऱ्याला सापडतात. पूर्ण फॉरमॅट, निदान विंडोज व्हिस्टापासून पुढे, सगळीकडे शून्यं लिहितो. सुरू करण्याआधी तो डिस्कसाठी नाव विचारतो. मी जागा रिकामी सोडली, ती मुलगी ठेवील काय ते.

टक्केवारी हळूहळू चढत होती. तेवढ्यात मागच्या बाजूला वाकून प्रिंटरच्या पोर्टातलं ते कुलूप काढायला गेले. दोन्ही बाजूंचे स्क्रू गंजले होते, पक्कड आणावी लागली. माझ्या लॅपटॉपला ते बसेल असं भोकच नाही. ओढणीनं पुसून टेबलाच्या खणात ठेवलं, आणि खाली हाक मारली की संध्याकाळी घेऊन जा.